कॅडिलॅकला खुले पत्र: नाव ठेवा, नावे ठेवायची वेळ आणू नका

प्रति,
कॅडिलॅक विभागाचे प्रमुख व त्यांचे सहकारी,
जनरल मोटर्स, डेट्रॉईट, मिशिगन

विषय: पुढच्या सेडानला अक्षरे-आकड्यांऐवजी खरे नाव देण्याबाबत

सा. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. तुमच्या वॉरनच्या टेक्निकल सेंटरमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक चक्कर मारलीत तर हे वाचून दाखवणारा कुणीतरी नक्की भेटेल. पुणे, सांगली, नाशिककडून आलेले मराठी अभियंते डेट्रॉईटच्या आसपास भरपूर आहेत. मी त्यांच्यातलाच एक. तुमच्याकडे नोकरी कधी केली नाही. मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या धंद्यात माझी नोकरीची वर्षे गेली. त्यामुळे तुमच्या गाड्या मी आधी ड्रॉइंगवर पाहिल्या आणि मग रस्त्यावर.

मागणी साधी आहे. पुढची जी सेडान आणाल तिला सीटी-अमुक किंवा सीटी-तमुक म्हणू नका, नाव द्या. आणि एकदा दिलेत की निदान तीस वर्षे ते बदलणार नाही, असे आधी आपसात ठरवून घ्या. यातली दुसरी अट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते.

मुळात ही अक्षरे तुमच्याकडे आली कशी? एसटीएस म्हणजे सेव्हील टूरिंग सेडान. डीटीएस म्हणजे ड व्हिल टूरिंग सेडान. ईटीसी म्हणजे एल्डोराडो टूरिंग कूप. सीटीएसमधला 'सी' तिच्या आधीच्या कॅटेरा या गाडीचा, असे सांगतात. आधी नावे होती. त्यांच्या एखाद्या प्रकाराला सोयीसाठी आद्याक्षरे लागली. मग २००२ ते २००५ या अवघ्या तीन-चार वर्षांत एल्डोराडो, सेव्हील आणि ड व्हिल ही तिन्ही नावे तुम्ही मोडीत काढलीत आणि आद्याक्षरे तेवढी जपलीत. २००२ मध्ये आलेली सीटीएस गाडी म्हणून उत्तम होती, मागची चाके ओढणारी, वळणावर न डुलणारी. त्यामुळे तेव्हा नावाबद्दल कुणी फार कुरकुर केली नाही. ती करायला हवी होती.

एल्डोराडोबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आज तुमच्या कचेरीत बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातच पाहिली असेल. १९५२ मध्ये कॅडिलॅकला पन्नास वर्षे झाली, त्यानिमित्त दाखवायला एक खास गाडी केली होती. तिला नाव सुचवण्यासाठी कंपनीतच स्पर्धा लावली, आणि तुमच्याच एका विभागात सेक्रेटरी असलेल्या बाईंनी 'एल्डोराडो' सुचवले. कुठली सल्लागार संस्था नाही, की पन्नास देशांतली पाहणी नाही. १९५३ मध्ये ती विक्रीला आली, किंमत ७,७५० डॉलर. त्या काळी एवढ्या पैशांत दोन साध्या कॅडिलॅक जवळजवळ आल्या असत्या. पहिल्या वर्षी फक्त ५३२ गाड्या झाल्या. त्याच वर्षीच्या २० जानेवारीला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन आयझेनहॉवर वॉशिंग्टनच्या मिरवणुकीत निघाले ते एल्डोराडोत उभे राहून.

आता २००२ कडे या. एल्डोराडो बंद होणार हे ठरल्यावर तुम्हीच शेवटच्या १,५९६ गाड्या वेगळ्या काढल्यात, लाल आणि पांढऱ्या रंगांत, ५३२-५३२ च्या तीन तुकड्यांत. १९५३ चा आकडा अर्धे शतक कुणीतरी लक्षात ठेवला होता. कारखान्यातली माणसे बदलली, मालक-भागधारक बदलले, गाडीचे इंजिन मागची चाके सोडून पुढची ओढू लागले, लांबी वाढली आणि घटली, पण नाव एकच राहिल्यामुळे शेवटच्या दिवशी पहिल्या दिवसाची आठवण काढता आली. २०२५ मध्ये तुमची एक्सटी-४ ही क्रॉसओव्हर, म्हणजे एसयूव्हीसारखी उंच मोटार, इथे बनायची थांबली. तिच्या पहिल्या वर्षाचा आकडा कुणी काढला का? तिचा रंग कुणाला आठवला का? गाडी वाईट नव्हती. आठवण ठेवायला तिच्याकडे काही खुंटीच नव्हती, एवढेच.

याहून बोलका पुरावा १९७६ चा आहे, आणि तो तुमच्यासाठी थोडा अडचणीचा आहे. त्या वर्षी तुम्ही एल्डोराडोची उघड्या टपाची आवृत्ती 'अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल' म्हणून विकलीत. लोकांची झुंबड उडाली. सुमारे १४,००० गाड्या गेल्या. शेवटच्या दोनशे तर एकसारख्या पांढऱ्या रंगवल्या. अनेकांनी त्या घेऊन ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या, पुढे सोन्याचा भाव येईल म्हणून. मग १९८४ मध्ये तुम्हीच एल्डोराडो बियारिट्झ ही नवी कन्व्हर्टिबल आणलीत, आणि आधीच्या मालकांनी चिडून कोर्टात दावा लावला. दावा टिकला नाही, ते सोडा. पण विचार करा, फसवले म्हणून चिडायलासुद्धा आधी एखाद्या नावावर विश्वास टाकावा लागतो. उद्या तुम्ही एखादी एक्सटी बंद केलीत आणि परवा पुन्हा सुरू केलीत, तर कोर्टाची पायरी कोण चढेल?

माझे म्हणणे इतकेच आहे की खरे नाव हे कंपनीच्या डोक्यावरचे कर्ज असते. एल्डोराडो म्हटले की पुढच्या एल्डोराडोला मागच्या एल्डोराडोशी तुलना सोसावी लागते. हिशेब देणे भाग पडते. अक्षरे-आकड्यांत ती सोय होते: सीटी-६ फसली तर सीटी-६ गेली, नवीन प्रमुख येईल, नवीन अक्षरे काढील, पाटी कोरी. अक्षरांची पद्धत गाडी घेणाऱ्यापेक्षा खुर्ची बदलणाऱ्यांच्या जास्त सोयीची आहे, अशी माझी पक्की समजूत झाली आहे.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. ते अगदीच पोकळ नाही, म्हणून नीट मांडतो.

२०१४ मध्ये योहान डी नाइशन तुमचे प्रमुख झाले. त्याआधी ते निसानच्या इन्फिनिटीचे प्रमुख होते आणि तिथे त्यांनी एका फटक्यात सगळ्या मोटारींना 'क्यू' आणि सगळ्या एसयूव्हींना 'क्यूएक्स' लावून टाकले होते. जी-३७ च्या जागी क्यू-५०, एफएक्सची क्यूएक्स-७०, जेएक्सची क्यूएक्स-६०. ज्याच्या घरी आधीची गाडी होती त्यालाही आपली गाडी आता कुठली ते कळेना. तुमच्याकडे आल्यावर त्यांनी सीटी आणि एक्सटी आणले. सीटी म्हणजे मोटार, एक्सटी म्हणजे क्रॉसओव्हर, पुढे आकडा, जितका मोठा तितकी मोठी गाडी. या माणसाचा युक्तिवाद असा होता: बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी हे जर्मन कधी गाडीला नाव देत नाहीत, ते कंपनीचे नाव मोठे करतात. गाडीचे नाव मोठे झाले तर कंपनीचे झाकले जाते. शिवाय चीनमध्ये अमेरिकन नावांचा आगापिछा कुणाला ठाऊक नाही, तिथे अक्षर-आकडा पटकन समजतो. आणि २०१७ पासून काही वर्षे तुमच्या गाड्या अमेरिकेपेक्षा चीनमध्ये जास्त खपल्या, हे खरेच आहे. चौथा मुद्दा ते उघड बोलले नसतील, पण या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे: शंभर देशांत कुणी नोंदवलेले नसेल, कुठल्याच भाषेत शिवी होत नसेल, असे नाव शोधणे म्हणजे वकिलांचे घर भरणे. पोर्शला तर आकडासुद्धा नीट मिळाला नव्हता. १९६४ मध्ये त्यांच्या ९०१ वर पेजोने हरकत घेतली, मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे म्हणून. शेवटी ९११ करावे लागले.

कंपनीचे नाव मोठे झाले की गाडीच्या नावाचे काम उरत नाही, हे आम्हा मराठी माणसांना पटवायची गरज नाही. २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. बातमी देशभर गाजली. आजही तिकडे कुणालाही विचारा, 'दीडशे मर्सिडीज' एवढेच सांगतील. त्यांत सी किती, ई किती, याच्याशी कुणाला देणेघेणे नाही.

मग हेच कॅडिलॅकला का लागू नाही? कारण तुमच्या बाबतीत जे साधायचे होते ते साधून कित्येक दशके झाली होती. इंग्रजीत एखाद्या वस्तूला तिच्या जातीतली कॅडिलॅक म्हटले की पुढे स्पष्टीकरण लागत नाही. २०१० च्या आरोग्य विमा कायद्यात महागड्या विमा योजनांवर ४० टक्के कर होता, त्याला साऱ्या अमेरिकेने, पत्रकारांपासून सिनेटरांपर्यंत, 'कॅडिलॅक टॅक्स' म्हटले. तो कर लागू न होताच २०१९ च्या अखेरीस रद्द झाला, पण त्याला मर्सिडीज टॅक्स म्हणावे असे कुणाला सुचले नाही. तुमच्या कंपनीचे नाव कधी लहान नव्हतेच. खालावल्या होत्या त्या गाड्या. आणि गाड्या खालावल्यावर तुम्ही नावे बदलत बसलात.

बरे, ज्या जर्मनांची नक्कल करायची त्यांचे काय चालले आहे तेही पाहा. बीएमडब्ल्यूचा आकडा एके काळी सरळ बोलायचा: ५२० म्हणजे पाचवी मालिका, दोन लिटरचे इंजिन. पुढे टर्बो आले आणि ३२८ मध्येही दोनच लिटर सापडू लागले. मर्सिडीजच्या सी-६३ मधला ६३ हा सहा लिटरवरच्या व्ही-८ इंजिनाचा. २०२२ मध्ये त्याच सी-६३ मध्ये दोन लिटरचे चार सिलिंडरी इंजिन बसले, आकडा मात्र बूटवर, म्हणजे मागच्या डिकीवर, तसाच. ऑडीने तर कहर केला. २०१७ मध्ये मागच्या बाजूला ३५, ४५, ५५ असे शक्तीचे आकडे चिकटवले, जे इंजिनही सांगत नव्हते आणि हॉर्सपॉवरही नाही. मग ठरवले की विजेच्या गाड्यांना सम आकडे आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना विषम. त्यापायी १९९४ पासून चाललेली ए-४ २०२४ मध्ये ए-५ झाली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की हे काही जमत नाही, जुनेच बरे. आमच्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला याच गाड्या जोडल्या जातात. तिथल्या कामगाराने सम-विषमचा हा घोळ कसा लक्षात ठेवला असेल कोण जाणे.

म्हणजे अक्षर-आकडा वाईटच, असे माझे म्हणणे नाही. महाराष्ट्रात आमची 'एसटी' आहे. दोन अक्षरे, बाकी काही नाही. पण १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली बस सुटली तेव्हापासून आजवर, महामंडळाचे अध्यक्ष किती आले आणि गेले, कुणाला ती दोन अक्षरे बदलावीशी वाटली नाहीत. पोर्शची ९११ तशीच. न बदलता टिकली की अक्षरेही नाव होतात. तुम्ही तेवढी उसंतच दिली नाहीत. एसटीएस दहा वर्षेसुद्धा टिकली नाही. सीटीएसने थोडे नाव कमावले तर तिचा 'एस' काढून टाकलात. एटीएस, एक्सटीएस, ईएलआर यांतली कुठली कोण, हे मला आता आठवून सांगावे लागते, आणि मी या धंद्यातला माणूस.

एक गंमत मला कायम खटकत आली आहे. तुमच्याकडे जी वस्तू गिऱ्हाइकाला दिसत नाही तिला छान नाव असते. सीटीएस ज्या सांगाड्यावर उभी होती तो सिग्मा. पुढचा अल्फा. सीटी-६ चा ओमेगा. इंजिनांमध्ये नॉर्थस्टार, मग ब्लॅकविंग. हात सोडून गाडी चालवायच्या प्रणालीला सुपर क्रूझ. ड्रॉइंग काढणाऱ्यापासून फाउंड्रीतल्या माणसापर्यंत सगळे या नावांनी बोलतात. आणि ज्या पूर्ण गाडीसाठी गिऱ्हाईक साठ-सत्तर हजार डॉलर मोजणार, तिला ड्रॉइंगवरच्या सुट्या भागासारखा क्रमांक!

त्यातून २०१९ चा तो पराक्रम. तुम्ही गाडीच्या मागे टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा लावायला सुरुवात केलीत. ३५०टी, ४००. तोही न्यूटन-मीटरमध्ये, जवळच्या पन्नासावर गोल केलेला. ज्या देशात शाळकरी पोरापासून मेकॅनिकपर्यंत सगळे फूट-पाउंडात बोलतात, जिथे तुमच्याच माहितीपत्रकात २५८ फूट-पाउंड लिहिलेले असते, तिथे बूटवर ३५०. एखाद्याने शेजाऱ्याला 'तुझी कुठली?' विचारले तर त्याने 'सीटी-५ तीनशे पन्नास टी' म्हणायचे, अशी तुमची कल्पना होती का? मी आजवर कुणाच्या तोंडून हे ऐकलेले नाही. टर्बो आणि विजेच्या जमान्यात इंजिनाचे लिटर सांगण्यात अर्थ उरला नाही, हे तुमचे कारण मला कळते. मग काहीच सांगू नका ना. रोल्स-रॉइसच्या मागे फँटमवर काय आकडा असतो?

लोकांना काय हवे याचा कौल तुम्हाला २०२१ मध्ये मिळाला आहे. सीटी-५-व्ही ब्लॅकविंग ही तुमची ६६८ हॉर्सपॉवरची, हाताने गिअर टाकायची सोय असलेली गाडी. ब्लॅकविंग नावाचे इंजिन खरे तर आधीच्या सीटी-६-व्हीचे. या गाडीत ते नाहीच, इथे दुसरेच सुपरचार्जर लावलेले व्ही-८ आहे. म्हणजे नाव शास्त्रशुद्ध बघितले तर चुकीचे. पण शौकिनांनी काय केले? सीटी टाकले, पाच टाकले, व्ही टाकला आणि 'ब्लॅकविंग' तेवढे उचलले. डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ हा शौकिनांच्या गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा उभे राहून ऐका. एखादी ब्लॅकविंग गेली की लोक नावाने सांगतात. १९५९ ची, आकाशाला टोचणारे पंख असलेली कॅडिलॅक गेली की तर चार जण एकदम बोलतात आणि त्यातले दोघे कूप ड व्हिल की एल्डोराडो यावर भांडतात. सीटी-४ गेली की कुणी मान वळवीत नाही, आणि वळवली तरी ओळख पटवायला बूटवरचे अक्षर वाचावे लागते.

हाच खेळ डिअरबॉर्नच्या तुमच्या शेजाऱ्यांनी, म्हणजे फोर्डच्या लिंकनने, तुमच्याआधी खेळून पाहिला. लिंकनने झेफर हे छान जुने नाव २००६ मध्ये परत आणले आणि एका वर्षात एमकेझेड करून टाकले. मग एमकेएक्स, एमकेएस, एमकेटी, एमकेसी. सुरुवातीला कंपनीचाच आग्रह होता की एमके हे 'मार्क' असे वाचावे. नंतर म्हणाले, नको, अक्षरेच म्हणा. शेवटी त्यांनी शहाणपणाने एमकेएक्सला नॉटिलस केले, एमकेसीच्या जागी कोर्सेर आली, एव्हिएटर परत आली. या सगळ्या गोंधळात ज्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही ते नाव म्हणजे नॅव्हिगेटर. तुमच्याकडे तसेच एस्कलेड. १९९८ मध्ये नॅव्हिगेटरला उत्तर म्हणून तुम्ही घाईघाईत आणलेली ती गाडी, खाली जीएमसीची युकॉन डेनाली आणि वर तुमचे चिन्ह. सुरुवात एवढी कच्ची असूनही आज तुमच्या दुकानातले सर्वांत वजनदार नाव तेच आहे, कारण प्रत्येक नव्या एस्कलेडला आधीच्या एस्कलेडपेक्षा सरस व्हावे लागले. सीटी-एक्सटीच्या काळातही तिचे नाव बदलून एक्सटी-९ करायचा धीर कुणाला झाला नाही. तिथेच तुम्हाला उत्तर मिळायला हवे होते.

लिंकनचा अर्धा धडा मात्र उलटा आहे आणि तो लपवून मला माझी बाजू जिंकायची नाही. २०१७ मध्ये त्यांनी कॉन्टिनेन्टल परत आणली. केवढे मोठे नाव! आणि २०२० मध्ये गुंडाळली. सेडान घेणारे कमी झाले होते, गाडीही नावाइतकी दांडगी नव्हती. नुसत्या नावाने गाडी विकली जात नाही. तुमच्याच १९८१ च्या सिमरॉनला नाव होते. शेवरले कॅव्हेलियरवर चामडे चढवलेली, ८८ हॉर्सपॉवरची ती गाडी. तुम्हालाही मनातून लाज वाटत असावी, कारण सुरुवातीला तुम्ही तिला कॅडिलॅक सिमरॉन न म्हणता 'सिमरॉन, कॅडिलॅककडून' असे म्हणत होता. आज ते नाव फसगतीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. पण हेच माझ्या मुद्द्याला धरून आहे: सिमरॉनची चूक चाळीस वर्षे झाली तरी लोक विसरत नाहीत, म्हणून पुढच्या प्रत्येक प्रमुखाला ती चूक पुन्हा करण्याआधी दहादा विचार करावा लागतो. अक्षरांच्या मागे ती चूक केव्हाच दडपली गेली असती.

विजेच्या गाड्यांसाठी तुम्ही नावांकडे वळलात याबद्दल अभिनंदन करायला हवे, आणि करतो. लिरिक, सेलेस्टिक, ऑप्टिक, व्हिस्टिक. सीटी-एक्सटीपेक्षा शंभर पटीने बरी. फक्त सगळ्यांच्या शेवटी तेच 'इक' लावण्याची काय गरज होती ते समजले नाही. चार भावंडांची नावे यमकात ठेवली की हाक मारताना आईचीच गडबड होते. ऑप्टिक म्हटले की आमच्या लोकांना चष्म्याचे दुकान आठवते, तो दोष तुमचा नाही. पण व्हिस्टिक आणि ऑप्टिक यांत मोठी कुठली, हे तुमच्याच शोरूममधल्या मुलाला क्षणभर थांबून सांगावे लागते, तेव्हा तुम्ही नावांच्या आडून पुन्हा मालिकाच बांधली आहे असे वाटते. बनवलेल्या शब्दाला माझी हरकत नाही. १९८७ ची अलांटे हाही असाच घडवलेला शब्द होता. पण तिची बॉडी इटलीत तुरिनला पिनिनफारिना बनवायचे आणि खास बदल केलेल्या ७४७ विमानातून एका खेपेला ५६ बॉडी डेट्रॉईटला यायच्या. एवढा उपद्व्याप केल्यावर शब्दाला आपोआप अर्थ चढतो. गाडी खपली नाही, पण नाव विचारा, अजून लोकांना माहीत आहे. लिरिकलाही तसा अर्थ चढेल, तुम्ही तिला पुढच्या पिढीत दुसरेच काही म्हणायला लागला नाहीत तर.

म्हणून आता माझे मागणे थोडे तपशिलात.

जुनी नावे सगळी उकरून काढा असे मी म्हणत नाही. एल्डोराडोला हात लावू नका, निदान इतक्यात तरी. ते नाव ज्या गाडीला द्याल तिला आयझेनहॉवरच्या मिरवणुकीपासूनचा हिशेब द्यावा लागेल, आणि आज तुमच्याकडे तशी दोन दरवाजांची गाडी नाही. ती एखाद्या उंच क्रॉसओव्हरला चिकटवलीत तर वुडवर्डवर म्हातारे तुम्हाला फिरू देणार नाहीत. फ्लीटवूड हे मात्र सेडानला शोभेल. पेन्सिल्व्हेनियातल्या एका गावाचे आणि तिथल्या बॉडी बनवणाऱ्या कारागिरांचे नाव आहे ते, तुमच्याच घरात १९२५ पासून आलेले, आणि १९९६ पासून कपाटात पडून. सेव्हीलही चालेल: १९७५ मध्ये आली तेव्हा लांबीने सर्वांत लहान आणि किमतीने तुमच्या नेहमीच्या सेडानांत सर्वांत महाग होती, मर्सिडीज घेणाऱ्यांना परत आणायला काढलेली. आज तुमच्यापुढचा प्रश्न तोच आहे. चीनमध्ये चालेल का, हा प्रश्न एस्कलेडच्या वेळी कुणी विचारला नव्हता.

नवे नाव हवे असेल तर १९५२ सारखे करा. सल्लागारांना चेक लिहिण्याआधी स्वतःच्या लोकांना विचारा: वॉरनमधल्या, लान्सिंगच्या लाइनवरच्या, स्प्रिंग हिलच्या. तळेगावचे तुमचे जुने कामगारही सुचवतील, २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवून तुम्ही निघालात तरी. त्यांनी बनवलेल्या शेवरले बीटला नाव होते, आणि ती गाडी गावाकडे अजून त्याच नावाने ओळखली जाते.

आणि ते तीस वर्षांचे कलम विसरू नका. नवा प्रमुख रुजू होईल तेव्हा त्याच्या हाती जो कागद द्याल त्यात ही ओळ घाला: चाके बदला, बॅटरी बदला, कारखाना हलवा, हवे तर २०१५ सारखे कार्यालय मॅनहॅटनला नेऊन चार वर्षांनी परत आणा, फक्त नावाला हात लावायचा नाही. हे कलम पाळायची तयारी नसेल तर नाव देऊच नका. सीटी-५ नंतर सीटी-७ काढा. आम्ही बूट वाचून घेऊ.

कळावे,
आपला,
मिशिगनमधल्या नोव्हायचा एक मराठी मोटारवाला

ता. क. नाव काही का ठेवेनात, मागचा न्यूटन-मीटरचा आकडा तेवढा या वर्षीच काढून टाका. त्याला समिती लागत नाही, स्क्रूड्रायव्हर पुरतो.